गच्चीवरची अँटेना आणि आकाशातली वीज
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा सारांश)



इथे झारखंडात स्थायिक झालेल्या आपणा सर्वांना चैत्र-वैशाखातली कालबैसाखी परिचयाची आहे. दुपार कलली की ढग दाटतात आणि बघता बघता विजांचा कडकडाट सुरू होतो. अशा वेळी आपल्यातल्या हॅम रेडिओवाल्या मित्रांचे लक्ष गच्चीवरच्या अँटेनाकडे असते.

"अँटेनाला वेगळे अर्थिंग दिले आहे, आता काळजी नाही," असे अनेकजण म्हणतात. धोका नेमका तिथेच आहे. पडणाऱ्या विजेचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर धरा. अर्थिंगचा रोध अवघा ५ ओहम असला, तरी गुणाकार होतो १,५०,००० व्होल्ट! म्हणजे त्या क्षणी अँटेनाचे अर्थिंग दीड लाख व्होल्टवर आणि घरातले अर्थिंग पुष्कळ खाली. या दोघांना जोडणारा दुवा कोणता? टेबलावरचा तुमचा रेडिओ! एका बाजूला अँटेनाची केबल, दुसऱ्या बाजूला तीन पिनांचा प्लग.

म्हणून दोन्ही अर्थिंग घराबाहेरच तांब्याच्या जाड पट्टीने एकमेकांना जोडून घ्यावीत. काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करवावे. मग दोन्हींचा दाब बरोबरच चढतो-उतरतो. तारेवरच्या चिमणीला झटका बसत नाही, तेच हे तत्त्व. केबल घरात शिरते तिथे अरेस्टर बसवून तोही याच पट्टीला जोडावा. पट्टी आखूड व सरळ असावी.

थेट पडलेल्या विजेपुढे मात्र अरेस्टरचाही भरवसा नाही. वापर संपला की केबल काढून घराबाहेर ठेवावी, प्लगही काढावा. सवय लागली की यात दोन मिनिटेही जात नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर केबल तशीच राहू द्या, तिला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे गच्चीवर जाऊ नका. रेडिओ दुसरा घेता येईल, माणूस नाही.

१९९९ साली शेजारच्या ओडिशात महाचक्रीवादळ आले, तेव्हा टेलिफोन बंद पडले आणि हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. वादळानंतर उपयोगी पडायचे, तर आपले यंत्र आधी वादळातून वाचले पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!