घरातलं नेट शेडपर्यंत



सोलापूरहून पुण्याकडे निघालं की हायवेला चिंचोळी एमआयडीसी लागते. मोठ्या कंपन्या, गेटाबाहेर ट्रकांची रांग. त्याच्या मागच्या वस्त्यांवर आपल्या गटांची कामं चालतात. कुठे कडक भाकरी, कुठे शेंगा चटणी, कुठे शिवण, कुठे शेळ्या. ही कामं राहत्या घरात होत नाहीत. धूर असतो, मिरचीचा खाट उठतो, मशीनचा आवाज असतो. म्हणून शेड घरापासून दोनशे-तीनशे फुटांवर, कधी त्याहून लांब. आणि नेटची पेटी मात्र घरात, टीव्हीच्या शेजारी.

पूर्वी याचं काही अडत नव्हतं. आता ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे क्यूआर कोडवर येतात, गटाचा हिशोब मोबाईलमध्ये भरायचा असतो. शेड पत्र्याचं. पत्र्याच्या आत वायफाय तर येत नाहीच, मोबाईलची रेंजही मरते. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, "ताई, पैसे पाठवले." आपल्या मोबाईलवर काहीच दिसत नाही. माल द्यायचा का थांबवायचा? दिला आणि पैसे आलेच नाहीत तर गटाचा तोटा. थांबवला तर गिऱ्हाईक दुखावतं. मग एक बाई मोबाईल हातात धरून घराकडे चालत जाते, आणि तव्यावरची भाकरी दुसरीनं बघायची. उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हात हे दिवसातून दहा वेळा. काम जिथं चालतं तिथं नेट नाही, आणि नेट आहे तिथं दुपारभर कुणीच नाही, असा सगळा प्रकार.

यावरचा उपाय आज सांगतो. त्याला वायरलेस ब्रिज म्हणतात, म्हणजे बिनतारेचा पूल. दोन छोटी यंत्रं जोडीनं घ्यायची. एक घराच्या गच्चीवर, एक शेडच्या बाहेर खांबावर. दोघांची तोंडं एकमेकांकडे. घरातलं नेट पहिल्या यंत्रातून हवेतून दुसऱ्याकडे जातं, तिथून तारेनं शेडच्या आत.

पण पैसे काढण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. नेटवाला फायबरची तार थेट शेडपर्यंत आणून देतो का? देत असेल तर ते सगळ्यात चांगलं. शेडच्या दारात मोबाईलची रेंज चांगली आहे का? असेल तर एक जुना फोन दारातल्या कोनाड्यात ठेवून त्याचा हॉटस्पॉट लावला तरी भागतं. तिसरं, अंतर किती? तांब्याची नेटची तार १०० मीटरपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे फुटांपर्यंत चालते. घर आणि शेड एकाच भिंतीला लागून असेल तर तारच ओढा. पण मध्ये मोकळं रान असेल तर आम्ही तार ओढा असं सांगत नाही. ती ट्रॅक्टरच्या फाळात येते, उंदीर कुरतडतात, आणि जवळपास वीज पडली तर त्याच तारेवरून झटका दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो. हवेतून जाणाऱ्या नेटमध्ये दोन इमारतींना जोडणारी धातूची तारच नसते.

दुकानदार पुष्कळदा रिपीटर देतो. "लावा भिंतीला, वाढेल रेंज," म्हणतो. दोन खोल्यांच्या अंतरात त्याचा उपयोग होतो. पत्र्याच्या आत बसवलेला रिपीटर म्हणजे पेटीत कोंडलेला माणूस, त्याला बाहेरचं ऐकूच येत नाही. ब्रिजचं यंत्र पत्र्याच्या बाहेर असतं, फरक तिथंच पडतो.

घरातली पेटी कंदिलासारखी असते, उजेड चारी बाजूंना पसरतो आणि लांब जात नाही. ब्रिजचं यंत्र बॅटरीसारखं, एकाच दिशेला झोत टाकतं. म्हणून ते काहीशे मीटर सहज जातं, चांगल्या यंत्रांचं काही किलोमीटरही जातं. पण अट एकच. गच्चीवर उभं राहिलं की शेडवरचा खांब डोळ्यांना स्वच्छ दिसला पाहिजे.

नुसता दिसूनही पुरत नाही. हा झोत दोरीसारखा बारीक नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला, पखवाजासारखा असतो. १०० मीटर अंतर असेल तर मधोमध त्याला वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूला एकेक मीटरभर मोकळी जागा लागते. अंतर वाढलं की फुगवटाही वाढतो. आता आपल्या रानाचा विचार करा. आज मोकळं दिसणारं शेत उद्या उसाचं असेल. ऊस दहा-बारा फूट सहज जातो. तूरसुद्धा पुरुषभर होते. कडुनिंबाची पानं फाल्गुनात गळतात तेव्हा सगळं आरपार दिसतं, आणि चैत्रात पालवी फुटली की तेच झाड भिंत होतं. ओली पानं तर जास्तच अडवतात. पाऊस स्वतः एवढ्या अंतरात फारसा आड येत नाही, झाड येतं. म्हणून जागा बघताना झाडाला पानं आहेत असं धरून बघा, आणि खांब उसाच्या वर जाईल एवढा घ्या. झाड तोडण्यापेक्षा खांब पाच फूट सरकवणं स्वस्त पडतं.

आता बसवणं. यंत्राला वीज आणि नेट एकाच तारेतून जातं. घरात एक छोटा अडॅप्टर असतो, तो बाहेर पावसात ठेवायचा नाही. अडॅप्टरला दोन भोकं असतात. एक पेटीकडे, एक गच्चीवरच्या यंत्राकडे. कोणतं कुठलं ते त्यावर लिहिलेलं असतं, तेवढं एकदा वाचून घ्या, कारण वीज असलेली बाजू चुकून दुसऱ्या उपकरणात गेली तर ते जळू शकतं. तार बाहेरच्या वापराची, काळी, जाड सालीची घ्या. घरातली पांढरी तार सोलापूरच्या उन्हात फार दिवस टिकत नाही. तार भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आत ओघळणार नाही. खांबाला अर्थिंग हवंच. वळवाच्या विजा आपल्याकडे कशा असतात ते सांगायला नको.

दोन्ही यंत्रांत एक देणारं, एक घेणारं असं ठरवावं लागतं. काही जोड्या कारखान्यातूनच ठरवून येतात. नसेल तर गावातला केबलवाला किंवा कॉलेजात जाणारी एखादी मुलगी अर्ध्या तासात करून देते. बसवताना यंत्राच्या पानावर सिग्नलचा एक आकडा दिसतो, तो उणे असतो. उणे ६० हा उणे ८० पेक्षा चांगला. खांबावरच्या माणसानं यंत्र थोडं थोडं वळवायचं, खालच्या बाईनं आकडा मोठ्यानं वाचायचा. उणे ६५ च्या अलीकडे आला की आवळा.

पुढची गोष्ट सांगायला दुकानदार विसरतो. शेडवरचं यंत्र आत वायफाय देत नाही. ते फक्त पूल आहे. त्याची तार पत्र्याच्या आत आणून तिथं एक साधा छोटा राउटर लावायचा, मग शेडमधल्या मोबाईलना नेट मिळतं.

खर्च म्हणाल तर यंत्रांची साधी जोडी चार ते आठ हजारांत येते, खांब, तार, आतला राउटर वेगळे. विजेचं बिल फार नाही. दोन्हीकडचं सगळं मिळून २५ वॅट धरलं तर दिवसरात्र चालून महिन्याला १८ युनिट. पण शेडची वीज शेतीच्या लाइनवर असेल तर ती दिवसातले काही तासच असते. तेव्हा छोटा बॅकअप लागतो. तो घेताना अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा, तेवढ्याच व्होल्टचा घ्या.

कुणी म्हणेल याला सरकारी परवाना लागतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी आपल्या देशात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. ठरलेल्या ताकदीच्या आतलं, बिलानं घेतलेलं यंत्र लावायला अडचण नाही. मात्र घरचं नेट पैसे घेऊन वस्तीला वाटणं वेगळं. त्यासाठी पीएम-वाणी नावाची योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली, त्यात छोटा दुकानदारही रीतसर वायफाय देऊ शकतो.

हे काही नवं खूळ नाही. तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयानं थेनी भागातल्या गावांमधली डोळ्यांची केंद्रं अशाच लांब पल्ल्याच्या वायफायनं मोठ्या दवाखान्याला जोडली. बाई गावातच बसून डॉक्टरशी बोलायची. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं गावांना बिनतारेचं नेट पोचवलं. सुरुवात दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या लहरींवर केली होती. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तिथं डोंगर ओलांडायचे होते, आपल्याला एक उसाचा फड.

तांत्रिक भाग एवढाच. यंत्र एका दिवसात बसतं. बैठका जास्त लागतात त्या दुसऱ्याच गोष्टींसाठी.

पहिली, नेट कुणाचं? कनेक्शन गटातल्या एका बाईच्या घरचं, म्हणजे बहुतेक तिच्या मालकांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर. उद्या घरात कुरबूर झाली आणि कुणी बटण बंद केलं तर शेड आंधळं. म्हणून आम्ही गटांना सांगतो, बैठकीत ठराव घ्या. बिलाचा किती वाटा गट देणार, कोणत्या तारखेला देणार, यंत्रं कुणाच्या मालकीची, हे इतिवृत्तात लिहा आणि त्या घरच्या मोठ्यांची सही घ्या. काका-मामा आधी हसतात, सही करतात. पासवर्ड अध्यक्ष, सचिव दोघींकडे. पेटीवर कंपनीनं चिकटवलेला जुना पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. शेडमध्ये नेट आलं की घरातलं कुणीतरी आठवड्यात म्हणतंच, "आता कॅमेरा लावून टाकू, शेळ्यांवर लक्ष राहील." शेळ्यांसाठी ठीक आहे, चोऱ्या होतात. पण बाया चुलीपुढे पदर खोचून, घामानं भिजून बसतात. एखादी लेकराला पाजते. ते चित्र घरात बसून कुणाच्याही मोबाईलवर दिसावं का? एका गटात यावर दोन बैठका झाल्या. एक काकू म्हणाल्या, "आमचं काम बघायचं असेल तर इथं येऊन दोन भाकऱ्या थापा." शेवटी ठरलं, कॅमेरा दारावर बाहेरच्या बाजूला तोंड करून, आणि शेळ्यांच्या गोठ्यात. कामाच्या जागेवर नाही. कॅमेऱ्याचा पासवर्डही गटाकडेच.

त्या शेडमध्ये आता पैसे आल्याचा आवाज आतच वाजतो. दुपारी काम उरकल्यावर दोघी-तिघी शिवणाचे व्हिडिओ बघत बसतात, एकीची मुलगी संध्याकाळी तिथंच अभ्यासाला येते.

तुमच्या वस्तीवर हे करायचं असेल तर मृगाच्या आधी करा. आधी दोरीनं अंतर मोजा, गच्चीवरून शेडच्या दिशेनं मोबाईलवर एक फोटो काढा, मध्ये कोणाचं रान आहे आणि त्यात यंदा काय लावणार ते विचारा. एवढं घेऊन बैठकीला या.