जाऊबाईंना भेटून आले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही २०२४ साली लंडनला जाऊन आलात, त्याबद्दल चार शब्द सांगा." मी सातवीपर्यंत शिकलेली. असे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण घरातलीच गोष्ट सांगायची आहे, तेव्हा ती जमेल असे वाटले. तिथले राजवाडे आणि पूल आपण सर्वांनी चित्रांत पाहिले आहेत. त्यांचे वर्णन मी करणार नाही. मी माणसांना भेटायला गेले होते, त्यांच्याविषयीच बोलते.

आपल्यापैकी काहींना माहीत आहे की २००८ ते २०१६ अशी आठ वर्षे आम्ही लंडनमध्ये वेंब्ली भागात काढली. आमचे हे तिथल्या एका हॉटेलात आचारी होते. थोरले दीर आणि जाऊबाई त्याच भागात राहत. जाऊबाई १९८२ साली लग्न होऊन तिथे गेल्या. विमानात देण्याचे जेवण भरण्याच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षे काम केले. बस कशी धरायची, थंडीत काय घालायचे, दुकानात कसे बोलायचे, हे सारे मला त्यांनी शिकवले. इंग्रजीच्या वर्गाला माझे नाव घातले तेही त्यांनीच. पुढे सासूबाईंना एकटे राहवेना, म्हणून आम्ही साताऱ्याला परत आलो.

जानेवारी २०२१ मध्ये थोरले दीर करोनाने गेले. तेव्हा तिथे सगळे बंद होते. अंत्यविधीला तीसपेक्षा जास्त माणसे चालत नव्हती. विमानांची ये-जाही नुकतीच कुठे पुन्हा सुरू झाली होती. गोल्डर्स ग्रीन येथील दाहगृहातला विधी आम्ही मोबाइलवर पाहिला. सख्खा भाऊ इथे मोबाइलपुढे हात जोडून उभा राहिला. जाऊबाईंना मूलबाळ नाही. त्यांच्या गळ्यात पडून रडायलाही घरचे कोणी नव्हते. पुढे सासूबाईंचे दुखणे आणि पैशांची जुळवाजुळव यांत तीन वर्षे गेली. म्हणजे मी लंडनला गेले ती खरे तर दुःखाला भेटायला, साडेतीन वर्षांनी.

निघताना सासूबाईंनी बजावले, "येताना तिला घेऊनच ये. म्हातारपणी एकटी परमुलखात कशाला राहायची?" त्यांनी सुनेसाठी कंदी पेढेही आणवून ठेवले होते. पण आपल्याकडून तिथे दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. पेढे घरी राहिले. मेतकूट, गोडा मसाला आणि लसणाची चटणी बरोबर घेतली.

विमानतळावर मी पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. तिथे कायम राहण्याचा परवाना आम्हांला एकदा मिळाला होता. पण सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले की तो संपतो. जिथे आठ वर्षे संसार केला, तिथे आता पाहुणीचा शिक्का. मनाला थोडे लागले. पण बाहेर जाऊबाई काठी टेकत उभ्या दिसल्या आणि रांग विसरून गेले.

पहिले दोन दिवस आम्ही दोघी फक्त बोललो आणि रडलो. तिसऱ्या दिवशी ८३ नंबरच्या बसने गोल्डर्स ग्रीनला जाऊन आलो. त्या बागेत बसून जाऊबाईंनी मला त्या दिवसाची सारी हकीकत सांगितली. एवढ्या वर्षांत ती ऐकून घ्यायला त्यांना घरचे माणूस मिळालेच नव्हते.

मग मी सासूबाईंचा निरोप सांगितला. जाऊबाईंनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "अगं, तुम्ही माझं सगळं कराल, मला ठाऊक आहे. पण आधी माझा हिशेब ऐक."

तो हिशेब मी तुम्हांलाही सांगते, कारण आपल्याला तो माहीत नसतो. त्यांचे सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. पण कायमचे भारतात राहायला आले, तर ज्या आकड्यावर असेल तिथेच ते थांबते. कितीही वर्षे गेली तरी वाढत नाही. तिथली सरकारी आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली. तिच्यात दवाखान्याला पैसे पडत नाहीत आणि साठीनंतर डॉक्टरने लिहून दिलेली औषधेही फुकट मिळतात. पण हा हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे. देश सोडला की तो सुटतो. लंडनमध्ये वृद्धांना बसचा पास फुकट असतो. त्या पासावर जाऊबाई एकट्या डॉक्टरकडे जातात, भाजी आणतात, देवळात जातात. गणपतीत महाराष्ट्र मंडळातही जातात. हे मंडळ १९३२ सालचे आहे.

"साताऱ्यात मला दवाखान्यात कुणीतरी न्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "इथे मी माझी जाते. आणि हे घर आम्ही दोघांनी पंचवीस वर्षं हप्ते भरून आमचं केलंय. यातून मला उठवू नका."

त्यांच्या शेजारी एक गुजराती बेन राहतात. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. तेव्हा त्या आईवडिलांबरोबर इंग्लंडला आल्या. रोज सकाळी आठपर्यंत जाऊबाईंच्या स्वयंपाकघराचा पडदा सरकला नाही, तर बेन दार ठोठावतात. जाऊबाईही त्यांच्या पडद्याकडे तसेच लक्ष ठेवतात. एकदा मी बेनना म्हणाले, "जाऊबाईंना घेऊन जायला आले आहे." त्या म्हणाल्या, "मला एकदा घरातून उठवलं होतं. म्हातारपणी पुन्हा कुणी उठवू नये." यावर मी काय बोलणार?

मी तिथे असतानाच ४ जुलैला त्यांच्या पार्लमेंटची निवडणूक झाली. जाऊबाई ओळख म्हणून बसचा पास दाखवून, कागदावर पेन्सिलीने खूण करून आल्या. भारताचा नागरिकही तिथे रीतसर राहत असेल तर मत देऊ शकतो. मीही पूर्वी दिले होते. या वेळी मी दाराबाहेर पिशवी धरून उभी राहिले. त्यांचा देश कोणता, हे त्या दिवशी मला कुणी सांगावे लागले नाही.

पाच आठवड्यांनी मी एकटीच परत आले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना बेनची आणि पडद्याची गोष्ट सांगितली. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पडदा बघणारं कुणीतरी आहे ना? मग राहू दे." आता रोज आपल्या दुपारी साडेतीन वाजता आम्ही जाऊबाईंना फोन करतो. तिथे तेव्हा सकाळ असते. भारतात येण्यासाठी त्यांच्याकडे कायमचे कार्ड आहे. त्यामुळे हिवाळ्यातले दोन महिने त्या आता साताऱ्याला येतात, आणि कंदी पेढे त्यांना इथेच मिळतात.

भगिनींनो, आज कितीतरी घरांतली माणसे परदेशी आहेत. ती सुखात लोळतात असे कुणी म्हणते, तर कुणी त्यांना 'परत या, परत या' म्हणून बोलावते. माझे एवढेच सांगणे आहे की बोलावण्याआधी त्यांचा हिशेब ऐकावा. पेन्शन, औषधपाणी आणि घर यांची नीट चौकशी करावी. जमले तर एकदा जाऊन त्यांच्याजवळ बसावे. ते जमत नसेल तर फोनची एक वेळ ठरवावी आणि ती चुकवू नये. आणि ज्यांची माणसे दूर आहेत अशा म्हाताऱ्या बायका आपल्या आळीतही आहेत. सकाळी त्यांचे दार उघडले की नाही, एवढे तरी आपण रोज पाहू या.