फरशी किती पाणी पिते?

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा आवरून.)



माझा जन्म गेला फरशीच्या दुकानात. फरशी विकायची, ती बसवून झाली की चार-सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत यायचं. "अहो, चकाकी गेली. डाग पडलेत. माल खराब दिलात." जाऊन बघावं तर माल बहुतेक वेळा ठणठणीत, पुसण्याची पद्धत त्या फरशीला मानवणारी नसायची. म्हणून सचिवांनी "काहीतरी उपयोगाचं बोला" म्हटल्यावर मी मॉप हा विषय घेतला. हसा, हरकत नाही.

2000 साली आपल्याला ताबा मिळाला तेव्हा दोन्ही विंगमध्ये सारखाच थाट होता. घरात दहा बाय दहाची मोझॅक, बाथरूमला सिरॅमिक, जिन्याला कोटा. एक बादली, एक फडकं, विषय संपला. आज घरोघरी नूतनीकरण झालंय. कुणाकडे व्हिट्रिफाइड, कुणाकडे मार्बल, बी विंगमध्ये दोन घरांत बेडरूमला लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट. फरशी निवडायला आपण आठ दुकानं फिरतो आणि मॉप मात्र किराणा भरताना ऑफरमध्ये दिसला तो उचलतो.

"मॉप कुठला चांगला?" असं मला जो तो विचारतो. त्याआधी विचारायला हवं, की माझी फरशी पाणी किती पिते? हे घरी बघता येतं. कोपऱ्यात, सोफ्याखाली, चमचाभर पाणी टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. जागा गडद दिसली तर दगड पाणी ओढतोय. काहीच फरक नसेल तर ओढत नाही.

व्हिट्रिफाइड जवळजवळ पितच नाही. चांगल्या टाइलमध्ये पाणी शोषण्याचं प्रमाण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतं. मग पुसलेलं पाणी जातं कुठं? वरच वाळतं आणि पांढुरके पट्टे सोडतं. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात बोअरचं नाही तर टँकरचं पाणी, म्हणजे क्षारांची रांगोळीच. इथे मायक्रोफायबरचा सपाट मॉप घ्या आणि घट्ट पिळा. स्पिन मॉपही चालेल, पण बादलीतली जाळी दोनदा फिरवा. जाड दोऱ्यांचा मॉप व्हिट्रिफाइडवर नको, तो पाणी नुसतं इकडचं तिकडे करतो. आणि फिनेलचा हात आवरा. जास्त फिनेलने फरशी जास्त स्वच्छ होत नाही, तिच्यावर चिकट थर बसतो आणि त्यावर दुपारपर्यंत पावलं उमटतात. मग आपण म्हणतो, मावशींनी नीट पुसलं नाही.

आता मार्बल. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया गेलेला मी पाहिलाय. मार्बल म्हणजे शेवटी चुनखडीच्या कुळातला दगड. आपल्या जिन्यातला कोटा, गावाकडच्या अंगणातला शहाबाद, ओट्याचा काळा कडप्पा ही सगळी त्याची चुलत भावंडं. राजस्थान, कर्नाटक, आंध्र अशी गावं वेगळी, पण स्वभाव एक: आम्ल चालत नाही. मोझॅकमध्येही मार्बलचीच खडी आणि सिमेंट असतं, त्यामुळे तिलाही तोच नियम. मोबाइलवर रोज एक उपाय येतो, बादलीत व्हिनेगर टाका, लिंबू पिळा. सिरॅमिकवर एखाद्या वेळी खपून जाईल. मार्बलवर ते पॉलिश खातं. तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही. मग पॉलिशवाला बोलवावा लागतो आणि त्याचं बिल ऐकून घरात चार दिवस शांतता असते.

मार्बलचं दुसरं दुखणं म्हणजे वाळू. खनिजांचा कठीणपणा मोजायची दहापर्यंतची मोजपट्टी असते. तिच्यावर मार्बल तीनच्या आसपास आणि वाळूतला गारगोटीचा कण सातवर. म्हणजे चपलेबरोबर आलेली कच मॉपखाली सापडली, की मॉपचा सँडपेपर झाला. म्हणून आधी केरसुणी किंवा कोरडा मायक्रोफायबर फिरवायचा, मगच ओलं. दारात पायपुसणं ठेवायचं. पुसायला मऊ सुती दोऱ्यांचा किंवा मायक्रोफायबरचा मॉप, साधं पाणी, फार तर दगडाला चालणारं सौम्य लिक्विड. मार्बल पाणी ओढतं, तेव्हा डबकी ठेवू नका.

लॅमिनेटवाल्या दोन घरांसाठी एकच वाक्य. त्याच्या पोटात दाबलेल्या भुश्याची पाटी असते, सांध्यातून पाणी गेलं की ती फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. कोरडा मॉप रोज, दमट मॉप आठवड्यातून एकदा, बादली खोलीबाहेर.

बाल्कनीच्या आणि बाथरूमच्या खरबरीत टाइलवर कुठलाच मॉप धड चालत नाही. दोरे अडकतात, मायक्रोफायबर फाटतो. तिथे ताठ ब्रश आणि वायपर. बाथरूमचं फडकं स्वयंपाकघरात आणायचं नाही, रंग वेगळा ठेवला की घोळ होत नाही. आणि बाथरूमचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका: ॲसिड असलेलं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एका वेळी, एका बादलीत, कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. मावशींना लिहून देऊ नका, बाटल्या समोर धरून सांगा.

मावशींचं नाव आलं म्हणून. आपल्या सोसायटीत बहुतेक घरांची फरशी आपण पुसतच नाही. सकाळी एक बाई पाच-सहा घरं उकिडवी बसून पुसते. हाताने फडकं फिरवलं की कोपरे जास्त स्वच्छ निघतात, हे खरं आहे, मी नाकारत नाही. हाताचा दाब कुठल्याही मॉपला येत नाही. पण त्या दाबाची किंमत तिचे गुडघे देतात. आपल्यातल्या कितीजणी आज पाट सोडून खुर्चीवर बसल्या आहेत, बघा आजूबाजूला. म्हणून मॉप घ्यायचा तर तिला विचारून घ्या. दांडा उभा धरल्यावर तिच्या हनुवटीच्या थोडा खाली यायला हवा, नाहीतर वाकून वाकून कंबर जाते. स्पिन मॉपची भरलेली बादली तिला उचलता येते का, ते बघा. चाकं आणि तळाला पाणी सोडायचं बूच असलेली बादली थोडी महाग पडते, ती घ्या. काही घरांत महागडा मॉप दाराआड उभा असतो आणि मावशी फडक्यानेच पुसतात. त्यांना नवीन काही नको असतं असं नाही. तो मॉप पिळायला जड असतो आणि पुढच्या घरी जायची घाई असते.

दुसरी माणसं म्हणजे आपली ज्येष्ठ मंडळी. गेल्या दोन वर्षांत आपल्याकडे दोघांचं खुब्याचं हाड मोडलं, दोन्ही वेळा सकाळी, नुकत्याच पुसलेल्या व्हिट्रिफाइडवर. पिळलेल्या मॉपने पुसलेली फरशी पंख्याखाली काही मिनिटांत वाळते, निथळत्या फडक्याने पुसलेली बराच वेळ ओली राहते. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर मॉप निवडताना सगळ्यात आधी तो किती घट्ट पिळला जातो ते बघा, रंग आणि ऑफर नंतर. आणि आजोबा चहाला उठायच्या आधी त्यांच्या वाटेवरचा पट्टा पुसायचा नाही, तो शेवटी.

जिन्याबद्दल समितीला एक विनंती. कोट्याच्या पायऱ्यांना दोऱ्यांचा मोठा मॉपच बरा, पण आपल्याकडे चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत एकच बादली चालते. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ती चिखलाची झालेली असते. दोन बादल्या द्या, एक धुवायला आणि एक पिळायला, आणि प्रत्येक मजल्यावर पाणी बदलायला नळ मोकळा ठेवा.

मॉप वापरून झाला की ओला कोपऱ्यात उभा करू नका, वास येतो. धुवा, पिळा, उन्हात टांगा. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचे तंतू बुजतात आणि मग तो धूळ धरत नाही. दोरे झडायला लागले की रिफिल बदला, दांडा वर्षानुवर्षं चालतो.

मी घरातून चार प्रकारचे मॉप आणून मागच्या टेबलाजवळ ठेवलेत. शेजारी व्हिट्रिफाइडचा, मार्बलचा आणि मोझॅकचा एकेक तुकडा आहे, दुकानातले नमुने. स्वतः पिळून बघा, आणि उद्या सकाळी मावशींनाही खाली पाठवा. सामान दुपारपर्यंत ऑफिसात असेल.