मुलांना घेऊन उजनीच्या पाण्यावर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आपल्या मंडळात आजवर मी सतरंज्या घातल्या आणि कोजागिरीचे दूध आटवले, आणि ते मला बरे जमते. पण चिटणीसबाईंनी या खेपेस फारच गळ घातली. विषयही नेमका गळाचाच आहे, म्हणून उभी राहिले.

गेल्या आश्विनात, दसरा होऊन गेल्यावर, आम्ही पाच मुलांना घेऊन भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर मासे धरायला गेलो होतो. आमची दोन, धाकट्या दिरांची दोन, आणि पाचवा इथे समोर बसलेल्या वहिनींचा मुलगा. आमच्या धाकट्याने मोबाइलवर कुणाला तरी गळ टाकताना पाहिले आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक काठीला दोरा बांधून तो बादलीत सोडून बसू लागला. शेवटी भावजी म्हणाले, "वहिनी, एकदा याला खरं पाणी दाखवू या."

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या म्हणाल्या, "पोरांना जीव मारायला शिकवता होय?" मला उत्तर सुचले नाही. मी दशम्या बांधल्या आणि पहाटेची सोलापूरकडे जाणारी एसटी स्वारगेटला धरली.

उजनी म्हणजे भीमेवरचे धरण. १९८० साली ते पुरे झाले. त्याच्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावते. म्हणजे कितीतरी खडकवासले एका जागी ठेवा. शरदात, पाऊस नुकताच सरलेला असताना, हे पाणी काठोकाठ असते, पलीकडचा तीर धूसर दिसतो. रोहित पक्षी पाहायला आपल्यापैकी काहीजणी तिथे गेल्या असतील, पण ते पाणी उतरल्यावर, थंडी सरत येताना. तेव्हाचे पाणी वेगळे आणि आश्विनातले वेगळे.

काठावर एक नाववाला ठरवून ठेवलेला होता. आम्ही मुलांसह आठ माणसे, आणि त्याच्या नावेत जीवरक्षक जाकिटे तीन. मी विचारले, बाकीची? तो हसून म्हणाला, "ताई, रोजचं पाणी आहे आमचं. काही होत नाही." मुले तोवर नावेत चढूही लागली होती.

भगिनींनो, २१ मे २०२४ रोजी याच उजनीत, कुगावहून कळाशीला येणारी नाव संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. त्यांत दोन चिमुकली मुले होती. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती. माझ्या पोटात गोळा आला. मी मुलांना खाली उतरवले.

मग जे व्हायचे तेच झाले. धाकट्याने भोकाड पसरले. भावजी चिडले. "शंभर किलोमीटर येऊन परत जायचं का? सगळे लोक बसतात, आपणच काय मोठे?" जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण तोंड फिरवून उभ्या राहिल्या. चारचौघांत आपणच भित्र्या ठरतो तेव्हा कसे वाटते, ते तुम्हांला ठाऊक आहे. पण माझ्याजवळ परक्याचे पोर होते. मी काठावरच्या दगडावर बसले, दशम्यांचा डबा उघडला आणि सांगितले, जाकिटे असतील तर नाव, नाहीतर खाऊन घरी.

अर्धा तास असा गेला. थोड्या अंतरावर एक म्हातारे गृहस्थ जाळे दुरुस्त करीत बसले होते. जातीचे भोई, जन्म पाण्यावर गेलेला, मासेमारीचा परवाना असलेले. ते उठून आले आणि म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. पाण्याशी ओळख असली तरी पाणी आपल्याला ओळखत नाही." त्यांनी मुलाला घरी पिटाळून जाकिटे मागवली. तरीही सगळ्यांना एकदम नेईनात. एका खेपेला तीन मुले आणि एक मोठे माणूस, बाकीचे काठावर. मुले त्यांना मामा म्हणू लागली, मीही तेच म्हणते.

मामांनी आधी काठावरच शाळा घेतली. नावेत उभे राहायचे नाही. सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचे नाही. गळ मागे वळून पाहिल्याशिवाय फेकायचा नाही, कारण पहिला मासा म्हणजे मागच्याचा कान. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, तो त्यांनी पकडीने दाबून सपाट केला. बोटात रुतलाच तर सरळ निघून येतो. हे मला फार आवडले. आपण मुलांना "सांभाळून, सांभाळून" म्हणतो. मामा ते शब्द एकदाही बोलले नाहीत, त्यांनी काटाच दाबून टाकला.

कणकेच्या गोळ्या मीच मळून दिल्या. वाटाण्याएवढी गोळी, घट्ट, नाहीतर पाण्यात विरघळते. पोळ्या करणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. मग बसायचे. आमचा धाकटा घरी पाच मिनिटे एका जागी बसत नाही, तो तिथे तासभर बुचाच्या तुकड्यावर डोळा लावून बसला. शेवटी त्याला एक चिलापी मिळाली, वीतभर. आनंदाने त्याने ती मुठीत धरली आणि पाठीवरच्या काट्यांनी तळहात रक्ताळून घेतला. मामांनी दाखवले : हात आधी ओला करायचा, डोक्याकडून शेपटीकडे फिरवत काटे मिटवायचे, मग धरायचे.

रात्री टाकलेले एक जाळे उचलायचे राहिले होते. त्याला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगायला बांधलेल्या. त्यात एक मोठी चिलापी होती. तिला नावेत घेतले तर तिच्या तोंडातून भसकन बारीक बारीक पिल्ले सांडली. आमची थोरली किंचाळलीच. मामा म्हणाले, "आई आहे ती. अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते. तेवढे दिवस खात नाही, म्हणून गळाला येत नाही, जाळ्यात येते." अशा दिवसांत तोंड मिटून उपाशी फिरणारी आई! माझ्या अंगावर काटा आला.

थोरली म्हणाली, सोडा तिला. मामांनी जरा वेळ घेतला. त्यांची भाकरी आहे ती. म्हणाले, "हिनं आमचं पोट भरलं, आणि आमच्या जुन्या माशांना जागा ठेवली नाही." घरी आल्यावर मुलीने शोधून सांगितले, की हा मासा मूळचा आफ्रिकेतला आणि आपल्या देशात १९५२ साली आणलेला. मामांना साल ठाऊक नव्हते, पण बाकी सगळे ठाऊक होते. मरळ, वांब कमी झाले, चिलापी वाढली. तरी त्यांनी त्या दिवशी तिला पाण्यात सोडली. पिल्लेही ओंजळीने गोळा करून सोडली. त्यांतली किती जगली असतील, देव जाणे.

मग वहिनींच्या मुलाने विचारले, "मामा, पाणी असं हिरवं का?" पाणी खरेच हिरवट होते आणि कडेला जलपर्णी दाटलेली. मामा सहज म्हणाले, "तुमच्याच पुण्याचं आहे, बाळा."

मी इकडे तिकडे पाहू लागले. आपली मुठा लकडी पुलाखालून जाते, संगमावर मुळेला मिळते, ती मुळामुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनीत. पुण्याचे सगळे सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही, हे आपण सभेत ऐकतो आणि विसरतो. पण मी माझ्या मोरीत जे ओतते ते कुठे जाते, हे मला त्या नावेत बसून कळले, आणि तेही त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसासमोर. त्याने रागाने म्हटले असते तर बरे वाटले असते.

ऊन कलायच्या आत मामांनी नाव काठाला लावली. मुले अजून एक फेरी मागत होती. मामांनी आभाळाकडे बोट दाखवले, एवढेच. घरी नेऊन त्यांच्या मंडळींनी भाकरी आणि कालवण वाढले. आमच्या मुलांनी बोटे चाटली. भावजींनी दोनदा कालवण मागून घेतले आणि परतीच्या एसटीत मला म्हणाले, "वहिनी, सकाळचं मनावर घेऊ नका." मी घेतले नव्हते असे नाही, पण ते म्हणाले ते बरे झाले.

सासूबाई रात्री जाग्याच होत्या. थोरलीने त्यांना सगळे सांगितले, माशाच्या पिल्लांसकट. त्या ऐकत होत्या. उजनीचे पाणी पुढे पंढरपूरला जाते, वारीच्या वेळी चंद्रभागेत सोडतात ते हेच, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या मोरीचे पाणी उजनीला जाते, हे नव्हते. त्यांनी विचारले, "म्हणजे मी एकादशीला स्नान करते ते..." आणि पुढचे बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरकटे, तेल मोरीत ओतायला बंदी केली. तेलाची बरणी आता ओट्याखाली असते आणि ती भरली की काय करायचे, याचा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. मंडळात कुणाला उपाय ठाऊक असेल तर सांगावा.

दिवाळीच्या सुट्टीत कुणाला मुलांना घेऊन जायचे असेल तर मामांचा पत्ता माझ्याकडे आहे. फोन आदल्या दिवशी करा, वाऱ्याचा अंदाज घेऊन ते हो किंवा नाही सांगतात, आणि नाही म्हणाले तर आग्रह करू नका. लहान मुलांच्या मापाची दोन जाकिटे मी तेव्हापासून घेऊन ठेवली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी न्यावी, परत देताना मात्र वाळवून द्यावी.