हाडे, श्रम आणि संप्रेरके
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



हाड म्हणजे घराच्या वाशासारखी निर्जीव वस्तू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती यथार्थ नाही. हाड जिवंत असते. त्यातील काही पेशी जुना भाग झिजवितात, काही नवा भाग रचितात, आणि हाडाच्या अंतर्भागात विखुरलेल्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी भार ओळखून या दोहोंना इशारा देतात. जेथे भार पडतो तेथे हाड बळकट होते, जेथे पडत नाही तेथे क्षीण होते, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट, अंतराळात वजनरहित राहणाऱ्या प्रवाशाच्या खुब्याचे हाड महिन्याला सुमारे १ टक्का घटते.

आपल्या नांदेड-लातूरकडील आया-आज्यांनी जात्यावर दळले, आडाचे पाणी शेंदले, येळवशीला शेतापर्यंत पायी वाट तुडविली. त्या कष्टांचे गोडवे आम्ही गात नाही. त्यांत माना आणि गुडघेही गेले. तथापि गिरणी, नळ व मोटारसायकल आली, तसा हाडांना मिळणारा व्यायामही उणावला, हे ध्यानी घ्यावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, हाडांची झीज आवरून धरते. पाळी कायमची थांबल्यावर ते आटते व झीज बांधणीच्या पुढे जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये तरुणपणीच काढल्याचे उघडकीस आले आणि २०१९ साली राज्य शासनास चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढली, तर उतारवयातील झीज तिशी-चाळिशीतच सुरू होते. शस्त्रक्रिया अटळ असेल तर ती करावीच. परंतु 'अंडाशये राखता येतील काय?' हा प्रश्न सासर-माहेरच्या माणसांनी आधी विचारावा.

संप्रेरकांचे उपचारही आहेत. इस्ट्रोजेन दिल्याने झीज मंदावते. पण रक्ताच्या गुठळ्यांचा व काही कर्करोगांचा धोका तपासूनच ते द्यावे लागते. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचे वर्तन तर नवलाचे आहे. शरीरात ते सतत अधिक राहिले तर हाड पोखरते. मात्र त्याचाच एक अंश, टेरिपॅराटाइड, दिवसातून एकदा टोचला असता नवे हाड बांधले जाते. हे औषध बंद केल्यावर दुसरे औषध न दिल्यास मिळविलेले पुन्हा जाऊ लागते. यास्तव स्वतःच्या मनाने काही घेऊ नये. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आता एकच विनंती. 'आत्याबाई, पडाल, बाजेवर बसा,' असे आपण प्रेमाने म्हणतो. त्या प्रेमानेच हाड आणखी ठिसूळ होते. मोडलेल्या माणसासही वैद्याच्या अनुज्ञेने शक्य तितके लवकर उभे करावे. रोज चालणे, पायऱ्या चढणे, कोवळे ऊन, दूध व तीळ यांस घरात स्थान द्यावे. ओला ओटा पुसावा, अंगणात दिवा ठेवावा. वृद्धांस बसवून ठेवण्यापेक्षा त्यांची वाट निर्धोक करणे, हीच खरी सेवा होय.