खालून पाहिलेल्या मोटारी



कामगार संघटनेच्या माणसाने बोनस आणि महागाई यांवर बोलावे, असा रिवाज आहे. तो मोडून आम्ही आज मोटारींवर बोलणार आहोत. कुणी विचारील, तुमच्यापाशी मोटार कोणती? एकही नाही, कधी नव्हती. मात्र नववीत शाळा सुटल्यावर कुर्ल्याच्या एका गॅरेजात आम्ही नऊ वर्षे मोटारींखाली आडवे पडून काढली, आणि पुढे मेस्त्री व चालक मंडळींच्या संघटनेचे काम करीत आलो. इंग्रजी शिकलो तेही मोटारींच्या तेलकट माहितीपुस्तकांवरून, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा आमची मते ही मोटार खालून पाहणाऱ्याची मते आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, पितळेचे दिवे, चकाकणारे रंग. आम्हीही पदपथावर उभे राहून डोळे भरून पाहतो. पण त्या मोटारींच्या तैनातीला माणसे असतात. जी मोटार मुंबईचा पाऊस, खड्डे आणि दोन-दोन पाळ्या सोसून पुन्हा सकाळी चालू होते, ती आमच्या लेखी खरी अभिजात. अर्थात आम्ही पद्मिनीविषयी बोलत आहोत.

तिचे कूळ इटलीचे. फियाट 1100 ची ही आवृत्ती 1964 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली आणि 1974 साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे पुढची बैठक सलग. बॉनेट उघडले की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, प्लग, पंख्याचा पट्टा, सारे नजरेसमोर, आणि मधे हात घालायला जागा. गाडी झटके देऊ लागली तर चालक रस्त्याच्या कडेला उभा राहून पॉइंट घाशी, प्लगवरची काजळी काढी आणि पुढे निघे. आमचे उस्ताद लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावीत आणि कोणता टॅपेट वाजतो ते डोळे मिटून सांगत. ती विद्या अंगी यायला आम्हांला तीन वर्षे लागली. सुरुवातीला आम्हांला फक्त उस्तादांची शिवी ऐकू येई!

प्रेम आहे म्हणून दोष झाकणार नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरे. तळाचा पत्रा गंजे. ब्रेक लावणे म्हणजे एक प्रकारची प्रार्थनाच होती. पण प्रत्येक दोषाला गल्लीत उपाय होता, आणि तो करणारा माणूस गल्लीतच राहत असे.

कुटुंबाची मोटार म्हणाल तर अम्बॅसडरचा मागचा बाक पद्मिनीहून रुंद, हे कबूल केले पाहिजे. उत्तरपाड्याची ही गाडी 2014 पर्यंत निघत राहिली. तिचा रुबाब सरकारी, आणि आमचे तिच्याशी कधी जुळले नाही. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड मात्र मोठी गमतीची. तिचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट उलटे उघडे; चाकावर बसून इंजिनाचे काम करावे. जिथे इतर गाड्या तीनदा मागेपुढे करीत, तिथे ही एका दमात वळे. आणि 1983 च्या डिसेंबरात मारुती आली. गॅरेजात आम्ही मंडळींनी तिची बरीच थट्टा केली. पण घरातल्या बाईमाणसाला धक्का मारायला खाली उतरावे लागत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. तिथे आम्ही चुकलो.

आता एका जगावेगळ्या मोटारीची गोष्ट. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार तयार केली. चाळीसच्या दशकात त्यांनी काम आरंभले आणि सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने बांधले. गृहस्थांपाशी अभियंत्याची पदवी नव्हती. इंजिन मागे, आणि स्प्रिंगांऐवजी रबराचा उपयोग. ब्रिटनमध्ये 1959 साली ‘मिनी’ मोटार निघाली, तिलाही रबरच होते. तिच्या रचनाकाराला पुढे ‘सर’ पदवी मिळाली. मीरा सुमारे 12 हजार रुपयांत देता येईल असे तेव्हा म्हटले जाई. पण 1951 च्या कायद्याने मोटार काढायला परवाना हवा, आणि परवानग्यांच्या फेऱ्यांतून मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. ती बाजारात टिकली असती का? कदाचित नसती. परंतु तिची परीक्षा रस्त्यावर व्हायला हवी होती, ती कागदावरच आटोपली.

ही गोष्ट आम्हांला वारंवार आठवते, त्याला कारण आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षे, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. निदान एक तरी गाडी जतन करा, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. मोटारीचे ठीक आहे. तिच्याबरोबर जे कान आणि हात रिकामे झाले, त्यांचे काय?

आमचे पाच मेस्त्री एका मोठ्या दुरुस्तीकेंद्रात लागले. वीस-वीस वर्षांचा अनुभव, पण प्रमाणपत्र नाही. म्हणून पगार मदतनिसाचा. व्यवस्थापनाशी बोलणी झाली. साहेब म्हणाले, आताच्या गाडीतला दोष संगणक सांगतो, कानाचे काम उरले नाही. आम्ही म्हणालो, मग परीक्षा घ्या. आवारात एक गाडी तीन दिवस पडून होती. संगणकाला दोष सापडत नव्हता, आवाज मात्र येत होता. आमच्यातल्या सर्वांत वयस्क मेस्त्रीने हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. पंख्याच्या पट्ट्यावरचे एक बेअरिंग गेले होते. पंधरा मिनिटे लागली असतील.

साहेब हसले, चहा मागवला. त्या मेस्त्रीला आणि आणखी एकाला कुशल कामगाराची श्रेणी मिळाली. इतर तिघांना आधी परीक्षेला बसा म्हणून सांगितले, आणि परीक्षा इंग्रजीत. तिघांपैकी एक सध्या रोज रात्री आमच्या कचेरीत येऊन शब्दकोश घेऊन बसतो. दुसऱ्या दोघांची परीक्षा मराठीत घ्यावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.