बोधचित्र : मजकुराचा सोबती

रनाळे गावच्या शाळेत एखादी मुलगी बालभारतीचं पुस्तक उघडते, तेव्हा धड्याआधी तिची नजर चित्रावर जाते. हेच बोधचित्र. भिंतीवर टांगलेलं चित्र एकटं उभं राहतं. बोधचित्र मजकुराचा हात धरून चालतं आणि छापून घरोघरी पोहोचतं.

मडगावला १९१६ मध्ये जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल या कलेत तरबेज होते. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. समजा, अशा अंकातल्या एखाद्या कथेत ‘ती दारात थांबली’ एवढंच आहे. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं की डोक्यावर घेतलेलं, हे चित्रकारानंच ठरवायचं. मजकुरात नसलेलं, तरीही मजकुराला न खोडणारं काही दाखवणं, ही या कलेची खूण. पुढचं पुस्तक उघडाल, तेव्हा चित्रकाराचं नाव जरूर शोधा.